मेढ्यातला सत्कार

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं काम करतो. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की भरलेलं वजन टिपायचं, ऊस उतरून ती परत आली की रिकामं वजन टिपायचं, आणि फरकाची पावती द्यायची. कामात डोकं फारसं लागत नाही, लक्ष मात्र लागतं. ते लक्ष मी ठेवत आलो. त्यामुळे सांगलीजवळच्या आमच्या आष्ट्यात मी एखादा आकडा सांगितला तर तो कसा काढला असं सहसा कुणी विचारत नाही. मला ह्याचा अभिमान होता. गेल्या वर्षी जुलैत जे झालं ते त्या अभिमानातूनच झालं, म्हणून तिथून सुरुवात केली.

माझ्या मुलीने बारावीनंतर इंजिनिअरिंगची सीईटी दिली होती. निकाल चांगला लागला. गुणवत्ता यादीत तिचा क्रमांकही बरा आला. आता कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरायच्या होत्या. मी गेल्या वर्षीच्या प्रवेशांची यादी मोबाइलवर उतरवून घेतली आणि दोन संध्याकाळी तिच्यात घालवल्या. पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात कॉम्प्युटरला शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला, ते काढलं. मुलीचं पर्सेंटाइल त्याहून थोडं जास्त होतं. जेवताना मी बायकोला म्हणालो, "पुणं नक्की."

मुलगी म्हणाली, "पप्पा, पहिली फेरी लागू दे की."

"फेरी लागणारच हाय. आकडा आपल्या बाजूनं हाय."

बायकोने त्याच संध्याकाळी माहेरी, जावळीतल्या मेढ्याला, आपल्या भावाला फोन केला. हा माझा मेव्हणा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. मेढ्यात माजी सैनिकांची जी संघटना आहे तिच्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याने मला फोन करून एकच विचारलं.

"दाजी, नक्की का?"

"नक्की."

"बास. तुमचा आकडा म्हंजे काट्याचा आकडा."

तिसऱ्या दिवशी मेढ्याच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्याचा फोटो बायकोच्या मोबाइलवर आला. मध्ये मुलीचा दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'पुण्यातील नामांकित कॉलेजमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी निवड झाल्याबद्दल', आणि त्याखाली ओळीने अकरा शुभेच्छुक. त्यात मेव्हण्याचा फोटो मुलीच्या फोटोपेक्षा जरा मोठाच होता. ते पाहून आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनीही चौकात एक लावला. मी त्यांना थांबवायला हवं होतं. निवड झालेली नाही, होणार आहे, हा फरक मला कळत होता. पावती फाडल्याशिवाय वजन बोलायचं नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. पण चौकातून जाताना मी गाडी हळू करत होतो, हे खरं आहे.

पहिल्या फेरीचा निकाल सोमवारी संध्याकाळी लागला. मुलगी मोबाइल घेऊन बाहेरच्या सोप्यात बसली होती. बघून झाल्यावर ती म्हणाली, "न्हाई आलं. सांगली हाय. इलेक्ट्रिकल." तिने मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि आत निघून गेली. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी तिच्यामागे गेलो नाही. मी यादी उघडली. कुठे चुकलो ते शोधायला मला अर्धा तास लागला. कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे तिथल्या मुलांसाठी आणि हद्दीबाहेरच्या मुलांसाठी जागांचे वेगवेगळे रकाने असतात. मी हद्दीतल्या मुलींचा रकाना पाहिला होता. सातारा-सांगलीच्या माणसाला पुणं परकं वाटत नाही. घरटी एक माणूस तिथे नोकरीला असतो, दिवाळीला गाड्या भरभरून येतात. पण कागदावर आपले दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे मोडतात. हद्दीबाहेरच्या रकान्यातला आकडा बराच वर होता, आणि माझी मुलगी त्याच्या खाली होती.

चूक सापडली तेव्हा मला आधी बरं वाटलं. हे लिहायला आवडत नाही, पण तसंच झालं. आकडा का जुळला नाही ते कळलं, म्हणून बरं वाटलं. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी तिला शेजारी बसवून दोन्ही रकाने दाखवले, कोणता कुणासाठी ते समजावून सांगितलं. ती "हां, हां" करत राहिली.

मग दोन्ही फ्लेक्स आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर गेलो. तिथे निकाल आधीच पोचला होता. गल्लीतल्या दुसऱ्या एका पोराचाही त्याच फेरीत नंबर लागला होता, त्याने रात्रीच मुलीला फोन करून विचारलं होतं, त्यातून सगळं कळलं. एक जण बशीत चहा ओतत म्हणाला, "काय काटेवालं, तुमचा काटा चुकला म्हणं?"

दुसरा म्हणाला, "आता आमीबी ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोलून आणतो रं बाबा."

"गप की. पोरीला सांगली लागलीया, काय वाईट हाय व्हय?"

"मी कुठं पोरीला बोलतोय? मी काट्याला बोलतोय."

सगळे हसले, मीही हसलो. ह्यात वाकडं कुणाच्या मनात नव्हतं. पण त्या दिवसापासून मी कारखान्याच्या ऑफिसात जाताना चौक टाळून पाणंदीच्या रस्त्याने जाऊ लागलो. त्याची गरजही दुसऱ्याच दिवशी संपली. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि चौकातला आमचा फ्लेक्स त्याच्या फ्लेक्सखाली गेला. माझी निम्मी लाज अशी परस्पर झाकली गेली. उरला मेढ्याचा.

इकडे जागेचा प्रश्न होता. मिळालेली जागा गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद दाखवून घ्यायची होती. घेऊन पुढच्या फेरीची वाट बघायची मोकळीक होती, किंवा पक्की करून मोकळं होता येत होतं. मुदतीत काहीच केलं नाही तर मात्र सांगलीची जागा जाणार, आणि पुढच्या फेरीत काय मिळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मुलीने मंगळवारी विचारलं, "पप्पा, सांगलीला कवा जायचं?" मी म्हणालो, "बघू." बुधवारी दुपारी तिने परत विचारलं. मी परत "बघू" म्हणालो. माझ्या मनात ह्या वर्षी थांबून पुढच्या वर्षी परत सीईटी द्यावी, असाही विचार येऊन गेला होता. तिच्या अभ्यासासाठी तो विचार होता असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे, ती पुढच्या वर्षी पुण्याला गेली तर मेढ्याचा फ्लेक्स एक वर्ष उशिरा का होईना खरा ठरेल, एवढंच त्यात होतं.

बायको म्हणाली, "आवं, दादाला फोन करून सांगून टाका की. काढंल तो फ्लेक्स."

"फोनवर बरं दिसत न्हाई."

"मग मी सांगू?"

"नको. चूक माझी हाय."

चूक माझी आहे हे मोठेपणाने बोललो, पण फोन उचलवत नव्हता. "नक्की का?" असं ज्याने विचारलं होतं त्याला "नाही" म्हणायचं होतं, आणि तेही त्याच्या अकरा शुभेच्छुकांसकट. बुधवारी संध्याकाळी शेवटी फोन केला आणि तोंडातून एवढंच निघालं, "पाव्हणं, उद्या सकाळी येतोय मी मेढ्याला."

तो म्हणाला, "या की. लय चांगलं. किती वाजता?"

"दहापर्यंत."

"या."

का येतोय ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

माझा हिशोब असा होता. पहाटेच्या एसटीने निघायचं, दहाला मेढा. समोरासमोर सांगून फ्लेक्स उतरवायचा, अकराला परत. साताऱ्याहून थेट सांगली, तीनपर्यंत कॉलेजात. मुलगी आणि तिची आई आष्ट्याहून परस्पर सांगलीला येतील. मधे घरी वाकडी वाट नको म्हणून मूळ कागदांची पिशवी मी बरोबर घेतली. बायकोने विचारलं, "कागद आमच्याजवळ दिलं तर?" मी म्हणालो, "गर्दीत तुमच्याकडनं एखादा हरवायचा. मी आणतो." वेळेच्या गणितात चूक नव्हती. आधी पोरीची जागा की आधी फ्लेक्स, हे मात्र मी उलटं मांडलं होतं, आणि ते मला दिसलं नाही.

मेढ्याच्या स्टँडवर उतरलो तर झिमझिम चालू होती. समोर फ्लेक्स. त्याच्याखाली छत्री घेऊन मेव्हणा, कडक इस्त्रीच्या सफारीत.

"या दाजी. पोरगी न्हाई आणली?"

"तिचं काम हाय जरा. पाव्हणं, मला बोलायचं हुतं..."

"आधी घरी चला. चहा घ्या, मग बोला."

घरी गेलो तर घर भरलेलं. वहिनींनी शिरा केलेला. संघटनेचे चार-पाच जण खुर्च्यांवर बसलेले. मी बसायच्या आत मेव्हणा म्हणाला, "रविवारी ठेवणार हुतो, पण तुमी आजच येतो म्हणाला, म्हटलं आजच उरकू. साडेअकराला देवळाच्या सभामंडपात सत्कार हाय. सरपंच येणार हायत."

"कुणाचा सत्कार?"

"कुणाचा म्हंजे? पोरीचा. ती न्हाई तर तुमी स्वीकारा."

मी आदल्या संध्याकाळी फोनवर दोन वाक्यं बोललो असतो तर हे झालं नसतं. आता चार माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत होती आणि वहिनी ताटलीत शिरा वाढत होत्या. मी म्हणालो, "पाव्हणं, जरा बाजूला येता का?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला, खुर्च्या कमी पडतायत म्हणून, आणि तो तसाच पायात चपला सरकवून बाहेर गेला. पुढचा तासभर तो मला एकटा सापडला नाही. खरं सांगायचं तर मीही फार शोधला नाही.

साडेअकराचा कार्यक्रम सरपंच आल्याशिवाय सुरू होईना. ते साडेबाराला आले. तोवर संघटनेतल्या एका म्हाताऱ्या निवृत्त हवालदारांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. हात थरथरत होते, पण बांधला घट्ट. "हलायचं न्हाई," ते म्हणाले, "लग्नातबी बांधला नसंल आसा." पिशवी मी मांडीवर धरून बसलो होतो. मोबाइल खिशात दोनदा थरथरला. बायकोचा फोन असणार हे कळत होतं. त्या दोघी सांगलीला पोचल्या असणार.

भाषणं झाली. एकाने सांगितलं की जावळीच्या लेकीची लेक आज पुणं गाजवायला निघाली आहे. दुसऱ्याने सांगितलं की डोंगरातल्या पोरांनी हिचा आदर्श घ्यावा. तिथे खरंच दहा-पंधरा शाळकरी पोरं सतरंजीवर बसवलेली होती. ती माझ्या फेट्याकडे बघत होती. शाल आली, नारळ आला. मी उभा राहून घेतला. खोट्या वजनाची पावती मी आयुष्यात फाडलेली नाही. इथे मी चाळीस माणसांसमोर ती सही करून घेत होतो.

मग मेव्हणा माइकवर म्हणाला, "आता आमचं दाजी दोन शब्द बोलतील."

घड्याळात एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पाचमधून ती वजा केली, आणि मेढा ते सांगली एसटीने किती हे डोक्यात मांडलं, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती वाटली म्हणून मी बोललो. धाडस वगैरे काही नव्हतं.

मी म्हणालो, "मंडळी, पोरीला पुणं मिळालेलं न्हाई. माझा आकडा चुकला. तिला सांगली मिळालंय. सोमवारीच कळलं हुतं. मी सांगितलं न्हाई. ती जागा आज पाचच्या आत मूळ कागद दाखवून घ्यायची हाय, आणि कागद माझ्याजवळ हायत." आणि मी पिशवी वर करून दाखवली. का दाखवली, माहीत नाही.

मग फेटा बांधणारे हवालदार खालूनच म्हणाले, "आवं, मग हितं काय करताय?"

मी पिशवी खाली घेतली.

"पोरगी कुठं हाय?" सरपंचांनी विचारलं.

"सांगलीत. कॉलेजात. वाट बघतीया."

"आणि तुमी कागद घिऊन फेटा बांधून बसलाय व्हय?" हवालदार उठलेच. "सुभेदार, गाडी काढा तुमची. ह्यास्नी न्या आधी."

पुण्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मी ज्याला तीन दिवस घाबरत होतो तो विषय त्यांच्या दृष्टीने विषयच नव्हता. मेव्हण्याने माइक तसाच टेबलावर ठेवला, खिशातली किल्ली चाचपली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. मागून सरपंच पोरांना सांगत होते, "केळी घेतल्याशिवाय जायचं न्हाई कुणी."

गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली. मी मुलीला फोन लावला.

"पप्पा, कुठं आलाय?"

"निघालोय."

"कुठनं?"

"मेढ्यातनं."

"आजून मेढ्यातच?" मग तिने फोन आईकडे दिला. बायको एकच वाक्य बोलली, "ती सकाळपासनं रांगेत दोनदा नंबर सोडून बसलीया," आणि फोन ठेवला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, फोनवर सांगायला काय झालं हुतं?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"तुमची. त्या फ्लेक्सची."

"फ्लेक्सला काय वाटतंय?" त्याने वायपर जोरात केला. "मी पहिल्या भरतीत छातीच्या मापात गेलो. दुसऱ्या भरतीत पळताना पडलो. तिसऱ्यात लागलो. मेढ्यात पहिल्या दोन भरत्या कुणाला ठावं हायत का इचारा."

"तुमच्या बहिणीला ठावं हायत."

"तिला सगळंच ठावं आसतं." तो जरा हसला, मग परत गंभीर झाला. "पर एक सांगू का? दोन्ही डाव माझा बाप मैदानाबाहेर उभा हुता. कवा बोलला न्हाई काय. पर हुता."

त्याने हे मला टोचायला सांगितलं नसावं. तो गाडी चालवत होता आणि त्याला आठवलं. पण कऱ्हाड येईपर्यंत मी पिशवीतले कागद परत परत क्रमाने लावत बसलो.

कॉलेजच्या फाटकात आम्ही पाचला वीस मिनिटं असताना शिरलो. मी पिशवी छातीशी धरून पळत गेलो. इमारतीच्या पायऱ्यांवर मुलगी बसली होती, शेजारी तिच्याच वयाची दुसरी एक मुलगी. दोघींच्या मध्ये शेंगदाण्याची पुडी होती. मला बघून ती उभी राहिली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"पप्पा, हे काय?"

तिच्या नजरेवरून मी हात डोक्याकडे नेला. फेटा. चार तास तो माझ्या डोक्यावर होता आणि काढायचं सुचलं नव्हतं. मागे शालही खांद्यावर तशीच.

दुसऱ्या मुलीचे वडील तिथेच उभे होते. धोतर, पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा खोका. ते म्हसवडचे असल्याचं नंतर कळलं. त्यांच्या मुलीलाही हेच कॉलेज, हीच शाखा लागली होती, आणि तिने ती पहिल्या पसंतीला घातली होती. त्यांनी मला पायापासून फेट्यापर्यंत बघितलं आणि खुश होऊन म्हणाले, "तुमी तर आमच्याहून जोरात हायसा की. आमी नुसतं पेढं आणलं."

मी शाल काढून काखेत घेतली.

"घ्या," त्यांनी खोका पुढे केला. "सिद्धनाथाला पहिला ठिवून आणलाय. आमच्या भावकीत पोरगी हिथवर आलेली ही पहिलीच बगा. हिची आई सकाळपासनं रडतीया नुसती, आनंदानं. तुमच्याबी पोरीला हितंच? लय झ्याक झालं."

मी पेढा घेतला. तो तोंडात असतानाच मी माझ्या मुलीकडे बघितलं. तिला सोमवारी हीच जागा मिळाली होती, आणि आमच्या घरात त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नव्हता. ह्या माणसाने ती देवाला सांगितली होती. मी तीन दिवस ती लपवत फिरत होतो.

"पप्पा, चला की," मुलगी म्हणाली. "बंद करतील."

आत खिडकीवर एकच बाई बसल्या होत्या, आणि समोर बायको जागा धरून उभी होती. त्यांनी कागद एकेक करून तपासले, सगळे होते, क्रमाने लावलेले. मग त्यांनी विचारलं, "जागा पक्की करायची, की घेऊन पुढच्या फेरीसाठी ठेवायची?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. सवयीने माझ्या तोंडात शब्द आला होता. पुढच्या फेरीत हद्दीबाहेरच्या रकान्यात आकडा थोडा खाली येतो, हे मी बुधवारी काढून ठेवलं होतं. जागा न सोडता वाट बघता येत होती. हिशोबाने तेच बरोबर होतं. आजही मला वाटतं की हिशोबाने तेच बरोबर होतं.

मी तिला विचारलं, "तुला काय करायचंय?"

ती क्षणभर गोंधळली. दोन दिवस तिला "बघू" ऐकायची सवय झाली होती. मग बाईंकडे वळून म्हणाली, "पक्की करा." आणि मला सांगितलं, "इलेक्ट्रिकल मला आवडतं, पप्पा. फॉर्ममधी मीच घातलं हुतं, तुमी चौथ्या नंबरवर ढकललं."

खिडकीमागच्या बाई माझ्या फेट्याकडे बघून म्हणाल्या, "वडील खूश दिसतायत."

"हां," मुलगी म्हणाली.

बाहेर आलो तर मेव्हणा आणि म्हसवडकर गाडीला टेकून बोलत होते. मेव्हण्याने त्यांना काही सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण ते अजूनही मला मान देऊन बोलत होते. दोन्ही पोरींनी एकमेकींचे नंबर घेतले. हॉस्टेलला एकच खोली मागायची असं त्यांचं ठरलं होतं. आष्टा ते सांगली रोजचा पास काढला तर हॉस्टेलची गरज नाही, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी ते तिथेच ठेवलं.

परतीला मी मागे मुलीशेजारी बसलो. बायको पुढे भावाशी बोलत होती, म्हणजे त्याला बोलत होती. फेटा सोडून मी घडी घालायचा प्रयत्न करत होतो. नऊ वार कापड, गाडीत कुठे मावणार? मुलीने एक टोक धरलं.

"मेढ्याला काय काम हुतं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, सत्कार, माइक, सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने कापडाची घडी नीट केली.

"मामाला फोन केला आसता तर त्यानं पाच मिनिटांत काढला आसता."

"व्हय."

"मी रांगेत दोनदा नंबर सोडला. तिसऱ्यांदा सोडताना ती म्हसवडची पोरगी म्हणाली, तुझं पप्पा येतील, माझं पप्पा सकाळी देवाला पेढं ठिवायला गेलं तवाबी आसाच उशीर झाला." ती खिडकीबाहेर बघू लागली. "मला वाटलं, तुमी मुद्दाम येत न्हाई. सांगली नको म्हणून."

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या लाजेचा तिने असा अर्थ लावला असेल, तिच्याबद्दलची लाज म्हणून, हे मी तीन दिवसांत एकदाही मनात आणलं नव्हतं. आणि तो अर्थ पूर्ण चुकीचा होता असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

"मुद्दाम न्हाई," मी म्हणालो. मग थोड्या वेळाने विचारलं, "सोमवारी लय वाईट वाटलं का गं?"

"आता इचारताय व्हय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वाटलं. पुणं गेलं म्हणून वाटलं. मंगळवारी कमी झालं. मग तुमी चौकातनं जायचं बंद केलं, ते बघून परत वाटलं."

मी तिच्या हातातली घडी घेतली आणि मांडीवर ठेवली. पुढून बायकोने मागे न बघता विचारलं, "आष्ट्यात शिरताना कुठनं घ्यायची गाडी?"

मी म्हणालो, "चौकातनं."